पैसाचा खांब की पैशाचा?

प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवाशात, नगर शहरातील आमच्या सावेडीहून संभाजीनगरच्या रस्त्याने सुमारे 60 किलोमीटरवर, जो शिलास्तंभ आज मंदिरात पूजिला जातो, आणि ज्याला टेकून ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, भगवद्गीतेचा अर्थ मराठीत उलगडून सांगितला अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे, त्याला 'पैसाचा खांब' म्हणतात. कोणी नुसते 'पैस खांब' असेही म्हणतात. नाव सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्यातील 'पैस' म्हणजे काय, तो कोठून आला, आणि ज्या अर्थाने तो शब्द प्रथम उच्चारला गेला तोच अर्थ आज तो उच्चारणाऱ्याच्या मनात असतो काय, असे विचारू लागले की एकमत म्हणून राहत नाही. या प्रश्नावर सावेडीतील दोन वयोवृद्ध गृहस्थांमध्ये झालेला वाद मी ऐकला, आणि तो केवळ शब्दच्छल नसून जुन्या शब्दाची साक्ष कशी घ्यावी याचा उत्तम वस्तुपाठ आहे असे वाटल्यामुळे तो येथे विस्ताराने नोंदवीत आहे.

त्यांपैकी एक भाऊसाहेब. महसूल खात्यात हयात घालवून ते निवृत्त झाले; मोडी दप्तरे, इनामांच्या कैफियती आणि जमाबंदीची जुनी बाडे वाचण्यात त्यांचे डोळे झिजले असले तरी कागदावर जे नाही ते मानायचे नाही हा त्यांचा बाणा जराही झिजलेला नाही. दुसरे मास्तर. त्यांनी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकविले, आणि ज्ञानेश्वरीचे पारायण ते भक्तीने जितके करतात तितकेच शब्दाशब्दावर थबकून करतात. दोघांचा स्नेह जुना असून एकमेकांना ते अहो-जाहो करूनच बोलतात.

भाऊसाहेबांच्या मते या नावात पैसा आहे; मास्तरांच्या मते 'पैस', म्हणजे विस्तार, हा जुना शब्द. प्रारंभ भाऊसाहेबांनी केला. "मास्तर, तुम्ही पोथीवरून निघता, मी दगडावरून निघतो. त्या खांबावर संस्कृत लेख कोरलेला आहे. करवीरेश्वराचे नाव त्यात आहे. देवापुढे अखंड तेवणाऱ्या वातीच्या तेलासाठी पितामहाने पूर्वी सहा निष्कांचे अक्षय दान दिले होते, ते देणे पुढेही चालावे, असा त्यातला मजकूर आहे. आमच्या खात्याच्या भाषेत बोलायचे तर तो खांब म्हणजे देवस्थानच्या नेमणुकीची सनद आहे. फरक इतकाच, की ती कागदावर नसून पाषाणावर आहे, म्हणून वाळवीच्या आणि वारसांच्या तावडीतून ती सुटली. निष्क हे जुने सोन्याचे नाणे. ज्या खांबावर नाण्यांचा दाखला कोरलेला, त्याला लोकांनी पैशाचा खांब म्हणावे यात गूढ ते काय? शिवाय त्या गावाचे जुने नाव निधिवास. कुबेराने आपला निधी तेथे ठेवला म्हणून निधिवास, आणि निधिवासाचे नेवासे, अशी कथा तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी 1954 पासून तेथे उत्खनन केले, त्यात सातवाहनांची नाणी निघाली. द्रव्य त्या मातीतच आहे. मग खांबाच्या नावात ते नको, असे तुम्हांला का वाटते?"

मास्तरांनी घाई केली नाही. ते म्हणाले, "भाऊसाहेब, द्रव्याचे मला वावडे नाही. पण तुमच्या सनदेचा विषय काय आहे, ते पुन्हा एकदा पाहा. दान निष्कांचे असले तरी ते तेलासाठी आहे. गावाला रोज दिसत होती ती तेवणारी वात. सहा निष्क कोणी पाहिले? लेखावरून नाव पडले असते तर 'तेलाचा खांब' पडले असते, 'नंदादीपाचा खांब' पडले असते. देणगी नोंदविणारे शेकडो कोरीव लेख या महाराष्ट्रात आहेत. द्रम्म आणि गद्याण मोजून देणारे दाते यादवांच्या राज्यात थोडे नव्हते. त्या लेखांच्या शिळांना कोणी पैशाची शिळा म्हटलेले माझ्या वाचनात नाही. आणि मला हे सांगा, तो संस्कृत मजकूर गावात वाचणार कोण?"

"वाचायची गरजच नाही," भाऊसाहेब म्हणाले. "वहिवाट वाचता येत नसली तरी कळते. देवळाच्या गुरवाला आपले उत्पन्न कोठून येते हे ठाऊक असते, आणि गुरवाला ठाऊक असलेली गोष्ट गावाला ठाऊक होते. माझ्या नोकरीत मी असे किती तरी इनामदार पाहिले, ज्यांना सनदेतले अक्षर कळत नव्हते, पण कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत, कोणत्या देवाच्या कोणत्या सेवेसाठी, हे त्यांनी चुकूनसुद्धा चुकीचे सांगितले नाही."

भाऊसाहेबांचे हे उत्तर मला वजनदार वाटले. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजाची स्मृती आपण उगाच कमी लेखतो. परंतु स्मृती जर इतकी चोख होती, तर तिने नाण्याचे नावही चोखच सांभाळायला हवे होते, आणि मास्तरांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. ते म्हणाले की यादवकालीन लेखांत निष्क, द्रम्म, गद्याण ही नावे आहेत. 'पैसा' हे नाव तांब्याच्या नाण्याला उत्तरेकडे रूढ होऊन पुढे सर्वत्र पसरले, आणि अबुल फजल आईन-इ-अकबरीत सांगतो की अकबराच्या ज्या नाण्याला दाम म्हणत त्यालाच पूर्वी पैसा म्हणत असत. म्हणजे हा सोळाव्या शतकातील व्यवहार. ज्या गुरवाला आपले सहा निष्क आठवत होते, त्याने त्यांना निष्क म्हणणे सोडून तांब्याचा पैसा का म्हणावे?

"खांबाचे नाव मागाहून पडले असेल," भाऊसाहेब म्हणाले.

"असेल ना," मास्तर म्हणाले. "पण मग वहिवाट तुटली. मागाहून पडलेले नाव लेखातल्या द्रव्याची साक्ष देऊ शकत नाही; ते फक्त मागाहून नाव देणाऱ्याच्या समजुतीची साक्ष देते."

यानंतर वादाला जे वळण लागले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मास्तरांनी विचारले, "भाऊसाहेब, आरसा. आता 'चा' लावा."

"आरशाचा."

"मासा?"

"माशाचा."

"ठसा, ससा, वसा?"

"ठशाचा, सशाचा, वशाचा. आलं लक्षात, मास्तर. पैसा, पैशाचा."

"तर मग खांब पैशाचा व्हायला हवा होता. लोक म्हणतात पैसाचा. देश, देशाचा, रस, रसाचा, तसा पैस, पैसाचा. मूळ शब्द आकारान्त असता तर मराठी माणसाच्या जिभेने सकाराचा शकार केल्याशिवाय पुढे पाऊल टाकले नसते. ही व्याकरणाची गोष्ट शाळेत शिकवावी लागत नाही. दोन-तीन वर्षांचे पोर ती आईच्या मांडीवर शिकते. अर्थ विसरला जातो, कथा बदलते, लेख झिजतो. पण नामाचे सामान्यरूप हे असे स्थान आहे की तेथे बोलणाऱ्याला लबाडी करता येत नाही, कारण आपण काही करीत आहोत हेच त्याला ठाऊक नसते."

भाऊसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. पण दप्तरात मुरलेला मनुष्य एका पुराव्याने हटत नाही. ते म्हणाले, "तुमचा दाखला मी रुजू करून घेतो, फैसला मात्र राखून ठेवतो. खेड्यातली माणसे 'पैसं' म्हणतात, 'पैसं दे', 'पैसं न्हाईत'. तो अनुस्वार घाईत गळला की 'पैस' उरते. 'पैस खांब' हे रूप त्यातून निघाले, आणि मग कोणा सुशिक्षिताने त्याला 'चा' जोडून 'पैसाचा' केले, असे का नसावे? आणखी एक सांगतो. मी सारी उमर या जिल्ह्याच्या खेड्यांत काढली. पारनेरपासून शेवगावापर्यंत शेतकऱ्यांच्या ओट्यांवर बसलो. 'ऐसपैस बसा, भाऊसाहेब' असे ऐकले. नुसता 'पैस' एकाच्याही तोंडून ऐकला नाही. तो तुमच्या पुस्तकांतच आहे."

हा आक्षेप खरा आहे. आज मराठी नियतकालिके उघडली की कवितेचा पैस, विचाराचा पैस, कादंबरीचा पैस अशी वाक्ये पानोपानी भेटतात. पण ती बहुतांशी दुर्गा भागवतांच्या पश्चातली. त्यांचा 'पैस' हा ललित लेखसंग्रह 1970 साली निघाला, त्याला पुढल्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि नेवाशाच्या खांबावरून त्यांनी उचललेला हा शब्द त्यांच्या लेखणीच्या सामर्थ्याने समीक्षकांच्या परिभाषेत जाऊन बसला. त्या पुस्तकाविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. तरीही भाऊसाहेबांशी मी सहमत आहे की 1970 नंतरचे हे सारे प्रयोग या खटल्यात साक्षीदार म्हणून चालणार नाहीत. ते फिर्यादीने स्वतः शिकवून उभे केलेले साक्षीदार आहेत. मास्तरांनीही ते निखालस मान्य केले, आणि आपला पुरावा खेड्यातल्या ओट्यावर ऐकलेल्या त्या 'ऐसपैस'मध्येच शोधला.

"आसपास," मास्तर म्हणू लागले, "आरपार, आजूबाजू, अवतीभवती, अदलाबदल, अघळपघळ, आमोरासमोर. या जोड्या बोलून पाहा. प्रत्येकीत पहिला अवयव स्वरापासून सुरू होतो आणि त्याला स्वतःचा अर्थ नाही. दुसरा व्यंजनापासून सुरू होतो आणि सारा अर्थ त्याच्यापाशी आहे. पास, पार, बाजू, भवती, बदल, समोर. यांना एकटे उभे करता येते. आस, आर, आजू यांना त्या अर्थाने एकटे उभे करता येत नाही. तुमच्या फारसी-अरबीतून आलेल्या बाजू आणि बदल या शब्दांनासुद्धा मराठीने याच साच्यात ओतले. आता त्या रांगेत ऐसपैस ठेवा. ऐस हा पडसाद. पैस हा शब्द. ज्या शेतकऱ्याने तुम्हांला ऐसपैस बसा म्हटले, त्याने नुसता पैस कधी उच्चारला नसेल, तरी त्याच्या वाक्यात तो सहाशे-सातशे वर्षांचा शब्द जिवंत होता. जमीनजुमल्यातला जुमला तरी आज एकटा त्या अर्थाने कोण बोलतो? पण जुमला नव्हताच असे तुम्ही म्हणणार नाही."

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर या ठिकाणी प्रथमच प्रसन्नता दिसली, कारण जुमला हा त्यांचा शब्द. परंतु त्यांनी लगेच दुसरे दार ठोठावले. त्यांचे म्हणणे असे, की ज्ञानेश्वरीत विस्तार किंवा अवकाश या अर्थी पैस आढळतो हे खरे असले तरी आपल्या हाती असलेली पोथी तेराव्या शतकातली जशीच्या तशी नाही. एकनाथांना शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पैठणात बसून तिचे शुद्धीकरण करावे लागले, कारण तोवर नकलाकारांनी तिच्यात अपपाठ माजविले होते. "ज्या दस्तऐवजात इतकी खाडाखोड, तो अस्सल म्हणून कसा वाचायचा?"

याला मास्तरांनी दिलेले उत्तर पाठचिकित्सा करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. नकलाकार चुकतो तेव्हा तो अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो. ओळखीचा काढून अनोळखी घालण्याचे त्याला कारणच नसते. पैसऐवजी कोठे विस्तार, कोठे पसारा शिरला असता तर नवल नव्हते. तीनशे वर्षांच्या नकला आणि त्यांवरचे संशोधन यांतून तो कठीण शब्द टिकून राहिला, हीच त्याच्या जुनेपणाची खूण.

मग मूळ कोणते? भाऊसाहेबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा सूर प्रतिपक्षाचा राहिला नव्हता, जिज्ञासूचा झाला होता. मास्तरांनी दोन वाटा दाखविल्या. पहिली वाट संस्कृत 'प्रवेश' किंवा त्यातील धातू 'प्र-विश्' याची. गुजरातीत आजही आत शिरण्याला 'पेसवुं' म्हणतात, तो याच कुळातला. जेथे शिरायला जागा आहे ती जागा पैस, असा अर्थाचा प्रवास मानता येतो. दुसरी वाट 'प्रदेश' या शब्दाची. प्राकृतात मधला द गळून त्याचे 'पएस' होते, आणि जैन आगमांच्या अर्धमागधीत 'आगासपएस', म्हणजे आकाशप्रदेश, हा अवकाशाविषयीचा पारिभाषिक शब्दच आहे.

"एका शेतावर दोन दावेदार आले," भाऊसाहेब म्हणाले, "की आम्ही समजतो, मालकी कोणाचीच साफ नाही."

"किंवा दोन भाऊ आहेत," मास्तर म्हणाले. "पण माझा कौल प्रदेशाकडे आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच जिल्ह्यात आणि जिल्ह्याच्या वेशीवर उभे आहे. शब्दाच्या पोटातले एकटे व्यंजन प्राकृतात कसे विरते, हे पाहायला पोथी नको, एस.टी.ची पाटी पुरे. नगराचे नयर झाले, नयराचे नेर. म्हणून पारनेर, म्हणून संगमनेर. पादाचा पाय झाला. आणि प्रतिष्ठान? त्याचे पइट्ठाण, आणि पइट्ठाणाचे पैठण. मधला त गेला, मागचा अ आणि पुढचा इ मिळून ऐ झाला. प्रदेशातला द त्याच वाटेने गेला, आणि पएस आखडून पैस झाला. पैठणातला पै आणि पैसातला पै एकाच टांकसाळीतले आहेत."

येथे मी क्षणभर थांबतो, कारण पैठण आणि पैस यांचे हे साहचर्य मला फार मोलाचे वाटते. गोदावरी-प्रवरेच्या या पट्ट्यात प्राकृतातून मराठी कशी निपजली याचा पुरावा आपण ग्रंथालयात शोधतो, आणि तो गावांच्या नावांतून आपल्या नित्य उच्चारात असतो. अहमदनगर या 1490 नंतर वसलेल्या शहराच्या जुन्या नावात नगर हा शब्द संपूर्ण राहिला, आणि त्याच जिल्ह्यातील त्याहून जुन्या गावांच्या नावांत त्याचे नेर झाले. एवढ्या एका भेदावरूनही कोणता शब्द आधी लोकांच्या जिभेवर झिजला आणि कोणता मागाहून तयार आणला गेला, हे सांगता येते.

तरीही भाऊसाहेबांचा अखेरचा आक्षेप उरलाच होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत बळकट होता. "मानले," ते म्हणाले. "शब्द पैस, अर्थ विस्तार. आता मला सांगा, विस्ताराचा खांब म्हणजे काय? खांब हा दगड आहे. तो उंच असेल, जाड असेल. विस्तार त्याच्यापाशी कोठून आला? पंडित दगडाला तत्त्वज्ञानाचे नाव देतील, गावकरी देणार नाही. गावकरी विचारतो, हा कशाचा? दिव्यांची ती दीपमाळ, नगारा वाजतो तो नगारखाना. ज्ञानदेवांच्या प्रतिभेचा विस्तार म्हणून पैसाचा खांब, हे ऐकायला मधुर आहे, पण असे नाव रानातून येत नाही."

मास्तर निरुत्तर झाले असते, तर मी हा लेख येथेच संपविला असता. पण ते म्हणाले, "गावकरी 'कशाचा' हे विचारतो तसे 'कोठला' हेही विचारतो. माळावरचा मारुती, मळ्यातली आसरा, वेशीवरचा म्हसोबा. ही नावे कामावरून पडली की ठिकाणावरून? करवीरेश्वराचे देऊळ आज कोठे आहे? ते गेले, भिंती गेल्या, शिखर गेले, त्यातला हा एक खांब मागे राहिला. देवळाच्या मंडपात असताना तो अनेकांतला एक होता, त्याला वेगळे नाव असण्याचे कारण नव्हते. देऊळ पडून तो एकटा मोकळ्यावर उभा राहिला तेव्हा त्याला नाव पडले: पैसाचा, म्हणजे मोकळ्या जागेतला खांब. मला यात कवित्व दिसत नाही. हे तुमच्या पंचनाम्यातल्यासारखे सरळ वर्णन आहे."

भाऊसाहेबांनी ते दोनदा मनाशी उच्चारून पाहिले असावे. मग म्हणाले, "मोकळ्यावरचा खांब. हे मला पटण्यासारखे आहे. पण मग लोकांच्या मनात पैसा आला कोठून?"

"भिस्तबाग कोठून आली?" मास्तरांनी उलट विचारले.

सावेडीत राहणाऱ्याला भिस्तबाग ठाऊक नाही असे होत नाही. निजामशाहीतल्या उद्यानाची आणि महालाची ती आठवण आज एका चौकाच्या, रस्त्याच्या आणि नाक्याच्या नावात सर्वांच्या तोंडी आहे. भाऊसाहेबांनी तत्परतेने सांगितले, की फारसीत बिहिश्त म्हणजे स्वर्ग. 'हश्त बिहिश्त' म्हणजे आठ स्वर्ग, हे इराणी परंपरेतले उद्यानांचे आवडते नाव. त्यातल्या बिहिश्तचे आपण भिस्त केले. "लोकांना मात्र तेथे पखालीने पाणी घालणारा भिस्ती आठवतो, आणि भिस्त्यांची बाग म्हणून भिस्तबाग, असे ते सांगतात. खरे म्हणजे भिस्ती हा शब्दही बिहिश्तवरूनच आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला मनुष्य."

"तेच झाले," मास्तर म्हणाले. "बिहिश्त विसरली, भिस्ती ओळखीचा होता. पैस विसरला, पैसा ओळखीचा होता. ज्याची ओळख उरली त्याच्या नावावर खाते चढले."

भाऊसाहेब हसले, पण आपला मुद्दा त्यांनी सोडला नाही. त्यांचे म्हणणे असे, की चढलेले खातेसुद्धा खरेच असते. आज नेवाशाला जाणाऱ्या शंभर जणांतल्या बहुतेकांना पैसाचा खांब ऐकून पैसाच आठवत असेल, तर तोही या शब्दाच्या इतिहासाचा भाग आहे, आणि कोशकाराने त्याला चूक म्हणून खोडून न टाकता स्वतंत्र कलम म्हणून नोंदविले पाहिजे. याला मास्तरांनी विरोध केला नाही. मीही करणार नाही. मात्र नोंद वेगळी आणि मूळ वेगळे. सामान्यरूपाची साक्ष, ऐसपैसची साक्ष, आणि पैठणाच्या शेजारी बसणारा ध्वनींचा क्रम, या तिन्ही एकमेकींपासून स्वतंत्र आहेत आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवितात. पैशाच्या बाजूने आहे तो सहा निष्कांचा उल्लेख. आणि तो मौल्यवान असला तरी शब्दाच्या रूपाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून माझा निर्णय मास्तरांच्या बाजूने आहे. 'मोकळ्यावरचा खांब' हा अर्थ मात्र अनुमान आहे, आणि त्याला अनुमान म्हणूनच वागवावे.

या वादात मला एक उणीव सतत जाणवत होती. दोघेही विद्वान आठवणीतून बोलत होते. 'मी ऐकले', 'मी ऐकले नाही', एवढ्यावर मोठमोठे निष्कर्ष तोलले जात होते. ही उणीव कशी भरून काढता येते याचे उदाहरण इंग्लंडात सापडते. तेथील यॉर्कशायरच्या एका गरीब घरात 1855 साली जन्मलेला जोसेफ राइट लहानपणीच गिरणीत कामाला लागला आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचताही येत नव्हते. पुढे ऑक्सफर्डला भाषाशास्त्र शिकवीत असताना त्याने 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश प्रसिद्ध केला. त्या कोशाची शक्ती एकट्या राइटच्या विद्वत्तेत नव्हती. गावोगावच्या शेकडो स्वयंसेवकांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर शब्द, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, आणि जेथे ऐकला तो परगणा, असे लिहून पाठविले होते. मराठीतही दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 सालचा व्युत्पत्तिकोश, तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा 1999 सालचा प्राचीन मराठीचा कोश ही थोर कामे झाली. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला खंड 1905 सालीच निघाला. पण गावागावांत बोलले जाणारे वाक्य जसेच्या तसे टिपणारे हात आपल्याकडे नेहमीच अपुरे पडले.

तेव्हा वाचकांना, विशेषतः नगर जिल्ह्यातील शिक्षकांना, ग्रंथालयांच्या कार्यवाहांना आणि नेवाशाच्या वाटेवर राहणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. घरात, वस्तीवर, दिंडीत एखाद्या वृद्ध बाईच्या किंवा बुवाच्या तोंडून अनोळखी शब्द आला तर त्याचा अर्थ आधी विचारू नका. ज्या वाक्यात तो आला ते संपूर्ण वाक्य, त्याच्या प्रत्ययासह, प्रथम लिहून घ्या, आणि खाली गावाचे नाव व तारीख घाला. अर्थ मागाहून विचारता येतो. उच्चारलेले रूप मात्र निसटले की परत मिळत नाही. आणि नेवाशाला गेलात तर तिथल्या जुन्या माणसाला तुम्ही स्वतः नाव न घेता विचारा, "हा खांब कशाचा?" तो पैसाचा म्हणतो, पैशाचा म्हणतो, की तिसरेच काही, ते अक्षर न बदलता वहीत उतरवा.